व्हायरल होण्याचा अभ्यासक्रम: काय शिकवतो, काय वगळतो

लहान व्हिडिओ करून अल्पावधीत व्हायरल कसे व्हावे हे शिकवणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. आवाजातील खरखर कशी काढावी, लांबलेले दृश्य नेमके कोठे कापावे, पडद्यावरील मजकूर वाचून होईपर्यंत कसा टिकवावा, हे पहिल्या दोन भागांत इतके नेटके शिकवले आहे की संकलनाचा गंधही नसलेल्या माणसाला ते जमावे. तक्रार आहे ती पुढच्या भागांविषयी, कारण तेथून व्ह्यूजचा आकडा हेच एकमेव माप ठरते.

हा आकडा नेमके काय मोजतो, हे मात्र कोठेही सांगितलेले नाही. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून ‘शॉर्ट्स’ या आपल्या लहान व्हिडिओंची मोजणी बदलली असून व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा चालला की एक व्ह्यू धरला जातो. तो किती वेळ पाहिला, याची अट नाही. उत्पन्न आणि यूट्यूबच्या भागीदारी कार्यक्रमाची पात्रता मात्र ‘एंगेज्ड व्ह्यूज’, म्हणजे पुढे न ढकलता पाहिले गेल्याच्या वेगळ्या आकड्यावर ठरते. म्हणजे अंगठ्याने पुढे ढकललेला व्हिडिओही मोठ्या आकड्यात जमा होतो, पैशांच्या हिशेबात नाही. अभ्यासक्रमात यशाचा पुरावा म्हणून दाखवलेले बहुतेक स्क्रीनशॉट त्या मोठ्या आकड्याचेच आहेत, आणि हे अजाणता झाले असेल असे मला वाटत नाही.

चौथ्या भागातील उदाहरण मुळातून पाहण्यासारखे आहे. खिळे न वापरता लाकडी पेटीचे सांधे कसे बसवावेत, हा एका कारागिराचा सविस्तर व्हिडिओ फारसा कोणी पाहिला नव्हता. त्यातून काही सेकंदांचा तुकडा उचलला, ज्यात घट्ट बसणारे झाकण आतली हवा बाहेर ढकलत सावकाश खाली उतरते, आणि तो तुफान चालला. शिक्षक येथेच टाळ्या घेऊन थांबतात. पण त्याच पडद्यावर त्या कारागिराच्या नंतरच्या व्हिडिओंची रांग दिसते: झाकण, पुन्हा झाकण, मग वेगळ्या लाकडाचे झाकण. सांध्यांचा एकही व्हिडिओ त्यात नाही. पेटी कशी केली, असे प्रतिक्रियांमध्ये एकाने विचारले आहे. त्याला उत्तर मिळालेले नाही. प्रेक्षकांना तरी दोष कसा द्यावा? ते झाकण पाहायलाच आले होते, आणि कारागिराला आता त्यांनाच धरून ठेवायचे आहे.

प्रतिक्रिया वाढाव्यात म्हणून व्हिडिओत मुद्दाम एखादी चूक ठेवावी, लोक ती सुधारायला धावतील, असा सल्ला पुढे दिला आहे. लोक धावतात हे खरे. पण ज्याचे नाव त्याच्या कामाच्या अचूकतेवर उभे आहे, त्याने असल्या क्लृप्तीच्या वाटेला का जावे, याचा विचार शिक्षकांना सुचलेला नाही. रोज एक व्हिडिओ टाकण्याच्या आग्रहाविषयी न बोललेलेच बरे.

सर्वांत खटकणारी उणीव वेगळीच आहे. व्हिडिओ नेहमीच्या वर्तुळाबाहेर गेला की ज्यांना ना संदर्भ ठाऊक ना माणूस, असे अनोळखी लोक एकदम येतात, आणि त्यातले काही शिवीगाळ करतात, खासगी संदेशांतून छळतात. हा धोका इतका परिचित आहे की इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘लिमिट्स’ ही सोय जाहीर केली, जिच्यामुळे फॉलो न करणाऱ्यांच्या किंवा अलीकडेच फॉलो करू लागलेल्यांच्या प्रतिक्रिया आणि संदेश काही काळ दडवून ठेवता येतात. गर्दी खेचण्याचे एवढे धडे देणाऱ्या अभ्यासक्रमात ती आवरण्याच्या या सोयीचा उल्लेखही नाही.

माझे गुण पाचपैकी दोन, तेही संकलनाच्या भागांसाठी. ते दोन भाग स्वतंत्रपणे विकत मिळत नाहीत. पुढेमागे मिळू लागले, तर नव्याने व्हिडिओ करू पाहणाऱ्यांनी जरूर घ्यावेत. पूर्ण अभ्यासक्रमासाठी मात्र खिशात हात घालू नये.