किल्ल्यांची फाइल की सर्टिफिकेट: स्वयंसेवकांच्या सर्व्हरला काय परवडतं?

पासवर्ड लॉगिन बंद आहे, रूटला (सर्व अधिकार असलेल्या खात्याला) थेट प्रवेश नाही, एवढं धरून चालतो. पुढचा प्रश्न असा: एसएसएचसाठी, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिनसाठी, सरळ ऑथराइज्ड-कीज फाइलवर (कोणाच्या किल्ल्या चालतील त्याची सर्व्हरवरची यादी) भागवायचं, की किल्ल्यांवर मुदतीची सही करून देणारी आपली सर्टिफिकेट ऑथॉरिटी उभी करायची? आमच्या छोट्या ओपन सोर्स प्रकल्पाचे सात सर्व्हर आहेत. फाइलवर मी चार वर्षं काढली, सर्टिफिकेटवर दोन.

फाइलचं पहिलं सुख म्हणजे तिथे बिघडायला काही नसतं. नवा माणूस आला की त्याची पब्लिक की (किल्लीच्या जोडीतली उघड करता येणारी; दुसरी खासगी, त्याच्याकडेच) एका ओळीत चिकटवायची, झालं. गिटहबवर खात्याच्या पत्त्यामागे .keys लिहिलं की त्याच्या पब्लिक किल्ल्या दिसतात, त्या सार्वजनिकच असतात. मागायलाही लागत नाहीत.

त्रास सुरू होतो माणसं जायला लागली की. स्वयंसेवक राजीनामा देत नाही, हळूहळू दिसेनासा होतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुट्टीत बिल्ड सर्व्हरवरची ती फाइल उघडून बसलो. एकोणीस ओळी. आठ ओळखीच्या. तिघांच्या शेवटी नुसतं 'युजर@उबुंटू', एकीपुढे 'नवा-लॅपटॉप-फायनल'. कुणाचा लॅपटॉप, देव जाणे. धीर करून एक ओळ उडवली, तर रात्रीचा बॅकअप बंद पडला. ती किल्ली माणसाची नव्हतीच. त्यानंतर एकही ओळ काढायची हिंमत होईना.

अशा फायली किती महागात पडतात ते २००८ साली दिसलं होतं. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या पॅकेजमधल्या चुकीमुळे किल्ली बनवताना यादृच्छिकतेसाठी जवळजवळ फक्त प्रोसेस आयडीचाच (चालू प्रोग्रॅमच्या क्रमांकाचा) भरवसा उरला होता. म्हणजे एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२,७६८, सगळ्या ताडून बघता येतील इतक्याच. त्या कुठल्या कुठल्या सर्व्हरवर, कुणाकुणाच्या खात्यात चिकटवलेल्या होत्या, त्या हुडकत फिरावं लागलं.

सर्टिफिकेटची सोय ओपनएसएसएचमध्ये (एसएसएचचं प्रचलित सॉफ्टवेअर) २०१० पासून, ५.४ आवृत्तीपासून आहे. सर्व्हरवर 'या ऑथॉरिटीची सही चालेल' अशी एक ओळ, बाकी सगळं सही करणाऱ्याच्या हातात. एसटीच्या पाससारखं: मुदत संपली की पास बाद. आम्ही आठ आठवडे ठेवले आहेत. शिवाय सामायिक खात्यातून कोण आलं, त्याचं नाव लॉगमध्ये दिसतं.

कटकटी इथेही आहेत. एका सर्व्हरचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं, तर ताजं सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' म्हणून परत. अर्धा तास मी सहीतच चूक शोधत होतो. आता मुदत पाच मिनिटं आधीपासून धरतो. एखाद्याला तातडीने बाहेर काढायचं तर रद्द यादी सातही सर्व्हरवर न्यावीच लागते, तिथे फाइलपेक्षा काही बरं नाही. आणि सहीची किल्लीच फुटली तर सगळंच गेलं, म्हणून ती ऑनलाइन मशिनवर ठेवत नाही. अडीनडीला प्रत्येक सर्व्हरच्या फाइलमध्ये एक साधी किल्ली ठेवली आहे, तिची खासगी जोडकिल्ली कपाटात.

दोन सर्व्हर आणि चार ओळखीची माणसं असतील तर माझ्या मते फाइल पुरे, उगाच खटाटोप नको. अ‍ॅन्सिबलसारख्या, अनेक सर्व्हरची मांडणी करणाऱ्या साधनाने एकाच जागेवरून ती लिहिली तर बराच ताप वाचतो, हेही खरं. पण 'हा अजून आहे का?' हे तिथे कुणीतरी उठून विचारावं लागतं, आणि तो कुणीतरी बहुधा मीच असतो.

आता दर आठ आठवड्यांनी तेरा जणांना सही करून द्यावी लागते, एखादा कुरकुरतोच. गेल्या खेपेला दोघांनी नवं सर्टिफिकेट मागितलंच नाही. मी काहीच केलं नाही.