पाटी पुन्हा वर्गात: जून ते फेब्रुवारी वापरल्यानंतर

आमची शाळा जालन्याकडची, कॅथलिक मिशनची. माध्यम मराठी, गणित-विज्ञान सेमी. मी स्वतः ख्रिस्ती नाही, स्टाफमधले बरेच जण नाहीत, लेकरं तर बहुतेक नाहीतच. गेल्या जूनमध्ये मुख्याध्यापिका सिस्टरांनी ठरवलं की सहावी-सातवीच्या प्रत्येक लेकराच्या दप्तरात पाटी असेल आणि ती सगळ्या विषयांना वापरायची. शिक्षकाने प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी लिहायचं, पाटी छातीशी धरायची, "दाखवा" म्हटलं की एकदम वर. बस्स, एवढंच. पहिल्याच दिवशी सातवीतून आवाज आला, "सर, आमी काय बालवाडीत हाव का?"

आधी वस्तूबद्दल. सुरुवातीला पांढऱ्या पाट्या आणि मार्कर आणले. दिसायला झकास, पण मार्कर पंधरा दिवसांत सुकतात, टोपणं हरवतात आणि शाई शर्टाला लागली की आया शाळेत येतात. ऑगस्टपासून साध्या काळ्या पाटीवर आलो. ती पडली की फुटते, खडूची धूळ उडते, आणि पाटीवरची पेन्सिल खाणारी दोन लेकरं प्रत्येक वर्गात असतातच (आपणही खाल्लीय, उगाच नाकारू नका). पुसायला जुना मोजा सगळ्यात चांगला. थुंकीवर मात्र बंदी घालावी लागली.

आता गणित, कारण तो माझा विषय आणि पाटीचं खरं सोनं तिथंच झालं. सहावीला शेकडेवारी चालू होती. जायकवाडीचं पाणी जालन्याच्या नळाला येतं, त्यामुळे "धरण पन्नास टक्के" ही बातमी घरोघरी वाचली जाते. मी फळ्यावर लिहिलं: एकूण साठा 2,909 दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त 2,171, मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं पाणी, 738. पेपरातली टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, हेही सांगितलं. मग विचारलं, पन्नास टक्के म्हटल्यावर धरणात एकूण पाणी किती? पाट्या वर आल्या. निम्म्याहून जास्त पाट्यांवर 1,454.5, म्हणजे सरळ एकूण साठ्याचे निम्मे. काहींवर 1,085.5. मागच्या बाकावरच्या एकाच पोराने 1,823.5 लिहिलं होतं. मृतसाठा मिळवायचं त्याला एकट्यालाच सुचलं. हे पोरगं वर्षभरात कधी हात वर करत नाही. हात वर करणाऱ्यांना विचारत बसलो असतो, तर पुढच्या बाकावरून काहीतरी उत्तर मिळालं असतं आणि वर्गाला समजलं असं धरून मी पुढं गेलो असतो. "टक्के कशाचे?" हा प्रश्नच वर्गाला पडलेला नव्हता, हे मला त्या पाट्यांनी दाखवलं. तो आख्खा तास मी परत शिकवला.

दुसरी गोष्ट एका मुलीची. ती बोर्डिंगमध्ये राहते, आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तिची पाटी आठवडाभर कोरी यायची. मी समजलो, कच्ची आहे. एक दिवस जवळ जाऊन मराठीत विचारलं, "चारशेचे पंचवीस टक्के किती?" खाडकन शंभर लिहिलं. मी वर्गात म्हणत होतो "ट्वेंटी फाइव्ह पर्सेंट ऑफ फोर हंड्रेड". तिचं घोडं त्या 'ऑफ'पाशी अडलं होतं. सेमीचा हा गोंधळ वहीत कधी दिसत नाही, कारण वहीत ती फळ्यावरचं उतरवून घेते.

"दाखवा" म्हणण्याआधी थांबायचं किती, हेही शिकावं लागलं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. मला वाटायचं मी भरपूर थांबतो. सहकारी बाईंनी मागं बसून घड्याळ लावलं तेव्हा खाली मान घालावी लागली.

विज्ञानात आकृतीला नावं देण्यापुरती पाटी चांगली. इंग्रजीत स्पेलिंगला चांगली. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, पण कवितेच्या तासाला पाटी म्हणजे माती. "कवीला काय वाटलं?" याला सगळ्या वर्गाने "आनंद" लिहिलं, कारण शब्द छोटा आहे. बाईंनी दुसऱ्या दिवसापासून कवितेला पाटी बंद केली. बरोबर केलं.

इतिहासात अर्धं यश. मुक्तिसंग्राम दिनाच्या आठवड्यात सरांनी विचारलं, देश स्वतंत्र झाल्यावर मराठवाडा किती महिन्यांनी निजामाच्या राजवटीतून सुटला? 15 ऑगस्ट 1947 ते 17 सप्टेंबर 1948, तेरा महिने. जवळपास सगळ्यांचं बरोबर. पण एवढा उशीर का झाला, हे पाटीत मावत नाही. तिथं जोडीजोडीने बोलायला लावणंच बरं.

मूल्यशिक्षणात सपशेल आपटलो. आमच्याकडे कॅथलिक लेकरं त्या तासाला धर्मशिक्षणाला जातात, बाकीची मूल्यशिक्षणाला; अनुदानित शाळेत संमतीशिवाय कुणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, तसं राज्यघटनेच्या कलम 28 मध्येच आहे. सिस्टरांनी विचारलं, "खोटं बोलणं योग्य की अयोग्य?" पंचेचाळीस पाट्यांवर "अयोग्य". सिस्टर हसून म्हणाल्या, "सगळेच संत! मग माझी काय गरज?" आता त्या तासाच्या शेवटी तीन मिनिटं डोळे मिटून दिवस आठवायचा, काही लिहायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संताने सोळाव्या शतकात घालून दिलेल्या आत्मपरीक्षणाचं हे साधं रूप. सिस्टर स्वतः रोज रात्री करतात. गोंगाट्या सातवीही त्यात शांत बसते, हे मी खिडकीतून पाहिलंय.

शनिवारी अर्ध्या शाळेत पाटीवर आठवड्याची उजळणी घेतो. मला वाटलं होतं ही आमची कल्पना. सिस्टरांनी सांगितलं, जेझुइटांच्या, म्हणजे त्याच लोयोलाने स्थापलेल्या कॅथलिक संघाच्या, 1599 च्या शिक्षण-नियमावलीत शनिवारची उजळणी आहेच. नवीन काही नसतं म्हणा. पण शनिवारची उजळणी फक्त त्याच आठवड्याची घेतली तर डिसेंबरात जूनचं सगळं पुसलेलं असतं. म्हणून पाचातले दोन प्रश्न मुद्दाम जुने टाकतो.

तक्रार एकच, पण मोठी. बाहेरून तपासणीला लोक आले तेव्हा आमच्यापैकी काहींनी आदल्या दिवशी उत्तरं पाठ करून घेतली. सगळ्या पाट्या बरोबर, साहेब खूश, फोटो निघाले. त्यानंतर दोन आठवडे लेकरं चुकीचं लिहायला घाबरत होती. शेजारच्याची पाटी बघून लिहायची, नाहीतर अक्षर इतकं बारीक काढायची की मला वाचता येऊ नये. ती भीती घालवायला मला रोज फळ्यावर स्वतः एक गणित चुकवून ठेवावं लागलं. चूक आधी कुणाला सापडते यावर आता सहावीत पैजा लागतात, आणि परवा मी न ठरवता केलेलीही एक सापडली.