वायर रोप, डब्ल्यू बीम की काँक्रीट? कोकणातल्या रस्त्यांवरचे कठडे दुचाकीस्वाराच्या बाजूने तपासले

क्रॅश बॅरिअर, म्हणजे रस्त्याच्या कडेचा किंवा दुभाजकातला कठडा, विकत घेतं सरकार, बसवतो ठेकेदार, आणि त्याची चाचणी होते ती कार, बस आणि ट्रक आदळून. या व्यवहारात दुचाकीस्वाराला कुणी विचारत नाही. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती. म्हणून हे परीक्षण फक्त त्यांच्या बाजूने आहे, आणि कठड्यांची मागणी घेऊन आमदारांकडे किंवा अधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या दुचाकीस्वारांसाठी आहे. समोर मुंबई-गोवा महामार्ग, त्याला येऊन मिळणारे घाट आणि किनाऱ्याचा सागरी महामार्ग ठेवला आहे. कारवाल्यांना यातली काही मतं पटणार नाहीत.

आधी वायर रोप, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच. साधारण १९ मिलिमीटर जाडीचे तीन किंवा चार पोलादी दोर, दर दोन-तीन मीटरवर हलके खांब, आणि दोन्ही टोकांना जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या अँकरला पक्के ताणलेले दोर. कार धडकली की खांब लोळतात, दोर मात्र गाडीला धरून ठेवतात आणि हळूहळू मागे सरकत तिचा वेग खातात. गाडीतल्या माणसाला बसणारा झटका यात सगळ्यात कमी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या दुभाजकात ब्रिफेन पद्धतीचे असे दोर बसवले आहेत. पण त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे तिथलं यश दाखवून कुणी कोकणात रोप सुचवत असेल तर तो पुरावा आपल्या कामाचा नाही.

दोर माणसाला चिरतो, हा आपला दुचाकीस्वारांचा नेहमीचा आरोप. तो जसाच्या तसा घेऊन आमदारांकडे जाऊ नये. घसरत आलेला माणूस जमिनीलगत असतो आणि सगळ्यात खालचा दोर त्याच्या बराच वर. त्याला आडवा येतो तो खांब. पाय, बरगड्या, मान, जे पुढे असेल ते अरुंद लोखंडावर आपटतं आणि सगळा मार एका जागी बसतो. दुचाकी उभीच धडकली तर स्वार दोरांवरून घासत जातो, पाय दोन दोरांमध्ये अडकतो आणि खांबांची डोकी एकामागून एक लागत जातात. दोन्ही प्रकारांत घात करतो तो खांब.

आणि खांब पत्र्याच्या कठड्यालाही आहेतच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २००१ ते २००६ या काळात कठड्यांना धडकून मेलेल्या मोटरसायकलस्वारांचा अभ्यास झाला. त्यात बहुतेक मृत्यू डब्ल्यू बीमवरचे, म्हणजे डब्ल्यू आकारात वळवलेल्या पत्र्याच्या कठड्यावरचे निघाले, रोपचा वाटा लहान होता. अर्थात तिथे रोप मुळातच कमी होता, हेही धरायला हवं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना, टेक्सस आणि न्यू जर्सी या राज्यांतल्या अपघातांच्या अभ्यासात रोप आणि डब्ल्यू बीम यांच्यात गंभीर दुखापतीच्या बाबतीत ठळक फरक दिसला नाही. काँक्रीटवर मात्र गंभीर दुखापती कमी होत्या. स्वीडनने १९९८ पासून दोन-अधिक-एक लेनच्या (एका दिशेला दोन, दुसऱ्या दिशेला एक) रस्त्यांच्या मधोमध दोर लावले, तिथे मोटरसायकलस्वारांचे मृत्यूही घटले, कारण समोरासमोरच्या धडका थांबल्या. नॉर्वेने स्वारांच्या संघटनेच्या पाठपुराव्यानंतर नवे दोर लावणं बंद केलं. दोन शेजारी देश, दोन निर्णय. नुसतं ‘रोप हटवा’ म्हणत गेलात की समोरचा अभियंता स्वीडनचा कागद काढतो आणि बैठक तिथेच संपते.

कोकणात रोप नको म्हणायची कारणं वेगळी आहेत, आणि ती जास्त भक्कम आहेत. धडक बसल्यावर दोर दीड ते अडीच मीटर मागे सरकतो. तेवढी मोकळी जागा घाटाच्या कडेला नसते. पलीकडे दरीच असते. अरुंद दुभाजकात तोच दोर समोरून येणाऱ्या लेनमध्ये फुगतो, आणि त्या कडेला दुचाकी असेल तर ती त्याच्या टप्प्यात येते. शिवाय वळणावर ताणलेला दोर खांबांना आतल्या बाजूला ओढत राहतो, म्हणून सुमारे २०० मीटरपेक्षा कमी त्रिज्येच्या वळणावर रोप सहसा बसवत नाहीत. आंबोली, कुंभार्ली, आंबा, करूळ या घाटांतली बरीच वळणं त्याहून तंग आहेत. उरतात ते महामार्गाचे चौपदरी, सरळ, रुंद दुभाजकाचे पट्टे. तिथे रोपला आमची हरकत नाही.

पण तिथेही देखभाल नीट हवी. तापमानाप्रमाणे दोराचा ताण बदलतो, म्हणून तो ताणमापकाने ठरावीक काळाने तपासावा लागतो. खाऱ्या हवेत सगळ्यात आधी खराब होतात ते दोर जोडणारे आणि ताणणारे स्क्रू, म्हणजे टर्नबकल, आणि त्यांचे आटे. वरून जस्ताचा मुलामा चकाकत असतो आणि पिळाच्या आत गंज धरलेला असतो. खांब काँक्रीटच्या खोबणीत नुसते उभे केलेले असतात, त्यामुळे वाकलेला खांब उपसून नवा घालणं मिनिटांचं काम आहे, ही या उत्पादनाची खरी चांगली बाजू. मात्र पावसाळ्यात ती खोबण लाल मातीने भरली आणि कुणी साफ केली नाही, तर वाकडे खांब तसेच रस्त्याकडे तोंड करून राहतात. देखभालीचा करार नसेल तर रोप घेऊच नये.

आता डब्ल्यू बीम. कोकणातल्या दुचाकीस्वाराची गाठ रोजच्या रोज याच्याशी आहे, म्हणून इथे जरा थांबू या. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या नेहमीच्या रचनेत ३ मिलिमीटर जाडीचा पन्हळी पत्रा, १५० बाय ७५ बाय ५ मिलिमीटरच्या चॅनेलचे खांब दर दोन मीटरवर, खांबाची लांबी १.८ मीटर, त्यातला १.१ मीटर जमिनीत आणि पत्र्याची वरची कड ७० सेंटिमीटरवर. पत्र्याची रुंदी साधारण ३१ सेंटिमीटर. म्हणजे खाली उरते ३९ सेंटिमीटरची फट. घसरणारा माणूस तिच्यात खांद्यासकट जातो आणि पुढच्या चॅनेलच्या धारदार कडेवर थांबतो. मृगाच्या पहिल्या जोरदार सरींत साइडपट्टी १५ सेंटिमीटर वाहून गेली की फट होते ५४ सेंटिमीटर. भरावाच्या जागी खांबाची पकडही तेवढीच कमी होते, आणि मग कारसाठीही तो कठडा कठडा राहत नाही.

तपासायला टेप आणि पाच मिनिटं पुरतात. जमिनीपासून पत्र्याच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. दोन पत्र्यांच्या जोडावर आठ बोल्ट असतात, ते मोजा. भंगारात विकायला काढलेले बोल्ट सगळ्यात जास्त जोडांवरचेच असतात. जोडाची दिशा पाहा: येणाऱ्या वाहनाच्या बाजूचा पत्रा वर हवा. उलटा चढवलेला असेल तर पत्र्याची उघडी कड थेट स्वाराकडे असते, आणि घासत जाणाऱ्या हाताला ती पात्यासारखी लागते. शेवटी टोक पाहा. माशाच्या शेपटीसारखं उघडं सोडलेलं टोक सरळ भाल्याचं काम करतं. ते रस्त्यापासून बाहेर वळवून डोंगरात किंवा अँकरमध्ये गाडलेलं हवं.

काँक्रीटची सुमारे ८० सेंटिमीटर उंचीची भिंत दुचाकीला सगळ्यात कमी वाईट. खांब नाही, फट नाही, घसरलेला माणूस तिच्या कडेने घासत जातो. काटकोनात आदळला तर मात्र ती भिंतच आहे, आणि उभ्याने धडकलेला स्वार तिच्यावरून पलीकडे फेकला जाऊ शकतो. कोकणात तिचा खरा दोष पाण्याचा. तळाशी पाण्याला वाट ठेवली नाही, किंवा ठेवलेली पानांनी आणि गाळाने तुंबली, तर पाणी वळणाच्या आतल्या लेनमध्ये साचतं आणि कठड्याने वाचवण्याआधी रस्ताच पाडतो. आमचं मत असं की महामार्गाच्या अरुंद दुभाजकात काँक्रीटच मागावं, पण भोकांच्या सफाईची अट लिहून घेऊन.

फिरत्या प्लास्टिक रोलरचे कठडे दिसायला आकर्षक असतात, पण त्यांनाही खांब आहेतच. खालची फट बंद नसेल तर दुचाकीला फारसा फायदा नाही. विदर्भात वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये २०० मीटर बांबूचा ‘बाहुबल्ली’ कठडा लागला. बांबू पिकवणाऱ्या सिंधुदुर्गाने त्याकडे लक्ष ठेवावं, तूर्त एवढंच.

आम्ही ज्याची शिफारस करतो ती वस्तू साधी आहे: डब्ल्यू बीमच्या खाली लावायची दुसरी पट्टी. ती असलेल्या खांबांनाच जोडता येते, खांब झाकते आणि घसरत्या माणसाला आत जाऊ न देता कडेने सरकवते. स्पेनने आणि पोर्तुगालने यासाठी २००४ पासून नियम केले. युरोपात तिची वेगळी चाचणी आहे, सीईएन टीएस १३१७-८. त्यात हेल्मेट घातलेला पुतळा पाठीवर झोपवून ताशी ६० किंवा ७० किलोमीटर वेगाने ३० अंशांच्या कोनात कठड्यावर सोडतात. निविदेत या चाचणीचं प्रमाणपत्र मागितलं तर ठेकेदाराला गावच्या वर्कशॉपमध्ये कापलेला पत्रा खपवता येणार नाही. तो पत्रा कड न वळवता लावला तर खांबापेक्षाही वाईट. पट्टीची खालची कड जमिनीच्या अगदी जवळ हवी, पण पाणी जाईल इतकी जागा सोडून. आपल्याकडे ती जागा जांभ्याच्या मातीने दर वर्षी बुजणार, तेव्हा मे महिन्यात फावडं मारणं देखभालीत धरलंच पाहिजे. खांबांना लावायच्या फोमच्या गाद्या स्वस्त, पण त्या कमी वेगालाच उपयोगी आणि उन्हात विरतात. गावातल्या वळणावर ठीक, महामार्गावर नको.

संपूर्ण रस्त्याला पट्टी मागू नका, ती मिळणार नाही. वळणाची बाहेरची बाजू मागा. स्वार घसरतो तो तिकडेच.

मागणी कुणाकडे न्यायची, यात बरीच निवेदनं वाया जातात. महामार्गाचा पनवेल-इंदापूर भाग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, पुढचा रत्नागिरी-सिंधुदुर्गातला भाग बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, आणि सागरी महामार्ग राज्याच्या यंत्रणेकडे. चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज टपालात फिरत राहतो. आमदारसाहेबांना भेटाल तेव्हा आश्वासनाऐवजी तारांकित प्रश्न (सभागृहात मंत्र्याने उत्तर द्यायचा प्रश्न) मागा, आणि तो लिहून न्या: अमुक किलोमीटर ते अमुक किलोमीटर, किती वळणांवर खांब उघडे, किती टोकं गाडलेली नाहीत, दुरुस्ती दोषदायित्व कालावधीत (काम झाल्यावर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायच्या मुदतीत) बसते का. लेखी उत्तर आलं की पुढच्या पाठपुराव्याला ते धरून बोलता येतं. खासदारांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची रस्ता सुरक्षा समिती असते, जिल्हाधिकाऱ्यांकडेही एक असते. दोन्हीकडे विषय कार्यसूचीवर घ्यायला सांगा आणि इतिवृत्ताची प्रत मागा. मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ ठेकेदाराला आणि यंत्रणेला सुरक्षा मानकं न पाळल्याबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंड लावतं; निवेदनात त्याचा उल्लेख करा, धमकीच्या सुरात नको.

निवेदन दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. प्रत्येक जागेला किलोमीटरचा दगड, गोव्याकडची की मुंबईकडची बाजू, फटीचं माप आणि टेप लावलेला फोटो. निवेदन दिवाळीनंतर लगेच द्यावं, म्हणजे मार्चच्या आत तरतूद आणि मे अखेरपर्यंत काम होऊ शकतं. डांबराचा नवा थर पडला की त्याच जागा पुन्हा मोजा: रस्ता वर येतो, कठडा तिथेच राहतो, आणि ७० सेंटिमीटरचे ६० झालेले असतात.