पश्चिमेच्या भिंतीतल्या काचेच्या विटा : सात महिन्यांनंतर

ऐरोलीला आमच्या रो-हाऊसमध्ये हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीत ग्लास ब्लॉक, म्हणजे काचेच्या पोकळ विटा, बसवून सात महिने झाले. १९ बाय १९ सेंमीच्या, ८ सेंमी जाडीच्या २० विटा, सांध्यांसकट ०.८ चौरस मीटर. उजेड सुरेख येतो, बाहेरून आतलं दिसत नाही, रस्त्याचा आवाजही कमी झालाय.

"जाड काच, मध्ये हवा, ऊन लागणारच नाही," असं दुकानदार म्हणाला होता. त्यातलं अर्धंच खरं. आत कोंडलेल्या हवेमुळे बाहेरच्या गरम हवेची झळ साध्या एकेरी काचेच्या जवळपास निम्मीच आत येते. पण उन्हाला त्या हवेची अडकाठी नसते, ते आरपार येतं. छज्जाचाही उपयोग नाही. चारनंतर खाडीपलीकडून, मुलुंडच्या बाजूने ऊन थेट भिंतीवरच येतं.

एप्रिलमध्ये आई म्हणाली, "इथे भाजी निवडायला बसवत नाही रे, पाठ भाजते." मग मोजायचंच ठरवलं.

आधी इन्फ्रारेड गन लावली. विटेची आतली बाजू ४१ अंश. पण ती काच किती तापली तेवढंच सांगते, काचेतून ऊन किती आलं ते नाही. म्हणून हातात धरायचा सोलर पॉवर मीटर घेतला. साडेचारला बाहेर, सेन्सर भिंतीला समांतर धरून, ६१० वॉट प्रति चौरस मीटर. आत मात्र आकडा ठरेचना. विटेवरची लाटांची नक्षी ऊन कुठे गोळा करते, कुठे पांगवते. मीटर बोटभर सरकवला की १८० चे ४०० होतात. शेवटी एका विटेमागे नऊ जागी मोजून सरासरी काढली : २९०. लगेच बाहेर जाऊन पुन्हा बघितलं, ६०५. म्हणजे मधल्या वेळात ढग आला नव्हता. २९० गुणिले ०.८, म्हणजे सगळ्या विटांमधून मिळून २३० वॉटच्या आसपास ऊन आत येतं. काचेने शोषून नंतर खोलीत सोडलेली उष्णता यात धरलेलीच नाही. संध्याकाळी साडेसातला विटा ३५ अंशांवर होत्या, शेजारची भिंत ३२ वर.

आतून जाड पडदा लावून पाहिला. चकाकी गेली, उकाडा तसाच. ऊन आत येऊन पडदाच तापवत होतं. मग बाहेरून बांबूचा पडदा सोडला. त्याच वेळी, तशाच उन्हात, विटांमागची सरासरी ६० वर आली. आई परत तिथेच बसते.

विटा चांगल्या आहेत, मी जागा चुकवली. पुन्हा बसवायच्या झाल्या तर जिन्यात, उत्तरेच्या भिंतीत बसवेन. पश्चिमेलाच हव्या असतील तर बाहेरच्या पडद्याचे हूक गवंड्याकडून त्याच दिवशी ठोकून घ्या. आम्हाला नंतर परांची बांधावी लागली.