फक्त पार्सलचं किचन की बसायची खाणावळ?

लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरात जेवणाचा धंदा टाकायचा म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न टेबलं टाकायची की नाही, हाच असतो. मागच्या गल्लीत दीडशे-दोनशे चौरस फुटांचा गाळा, दोन शेगड्या आणि एक मोबाइल, एवढ्यावर क्लाउड किचन, म्हणजे फक्त पार्सलचं किचन, सुरू होतं. खाणावळीत चोवीस माणसं बसवायलाच साधारण साडेतीनशे चौरस फूट जातात, भटारखाना वेगळा. भाड्याचा फरक उघड आहे, त्यात शिरत नाही.

मी खाणावळीच्या बाजूने गेलो. तरी किचनवाल्यांचा एक मुद्दा मान्यच करावा लागतो, आणि तो आहे पाण्याचा. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात ताटं घासण्याचा हिशेब आधी करावा. एक ताट, दोन वाट्या, पेला, खरकटं काढून तीन पाण्यांतून काढायचं तर सहज चार-पाच लिटर जातात. दोनशे जेवणं म्हणजे नुसत्या भांड्यांना हजार लिटरच्या आसपास, प्यायचं आणि हात धुवायचं निराळं. एप्रिल-मेमध्ये टँकरचा खर्च गल्ल्यातून जातो. किचनला हे दुखणं निम्म्याहूनही कमी.

पैशाचं म्हणाल तर अ‍ॅपचं कमिशन ज्याचं त्याचं वेगळं ठरतं. समजा दोनशेच्या थाळीवर २२ टक्के, म्हणजे ४४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, आणखी आठ. डबे, झाकणं, पिशवी धरा पंधरा. हातात उरले १३३, त्यातून किराणा, गॅस, पगार. ऑर्डरीवरचा ५ टक्के जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपच भरतं, ती कटकट नाही. पण कमिशनवरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे भरलेला कर आपल्या करातून वजा करून घेणं, ५ टक्के जीएसटीवाल्याला मिळत नाही, हे बरेच जण धरतच नाहीत. सवलतीच्या जाहिरातीत आपला वाटा किती, तेही करारात नीट वाचावं.

इथपर्यंत दोन्ही पारडी बरोबरीचीच म्हणता येतील. माझ्यापुरता निकाल लागला तो भाकरीवर.

तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी टम्म असते, पापुद्रा सुटलेला असतो. ती तशीच फॉइलमध्ये गुंडाळली की आतली वाफ पापुद्र्यावर पाणी होऊन बसते. वीसेक मिनिटांत वरून ओली, तळाला चिकट, आणि गार झाली की वातड. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. पिठाला धरून ठेवतो तो शिजलेला स्टार्च, आणि तो गार होताना पुन्हा आवळतो, पाणी सोडतो. म्हणून पोळी डब्यात चार तास मऊ राहते, भाकरी राहत नाही.

उपाय आहेत. पीठ आठ-दहा दिवसांच्या आतलं हवं, जुन्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि कडा फाटतात. निम्मं पीठ उकळत्या पाण्यात उकडून घ्यावं, मग बाकीचं मळावं. एका भाकरीला साधारण ९० ग्रॅम पीठ, त्याहून जाड नको. उतरवल्यावर दोन-तीन मिनिटं जाळीवर उभी ठेवून मगच कागदात गुंडाळावी, फॉइलमध्ये नाही. एवढं करून आयुष्य दुप्पट होतं, फार तर. पण डिलिव्हरीवाला वाटेत दुसरी ऑर्डर उचलतो, फाटकावर थांबतो, आणि वातड भाकरीचा एक तारा आपल्या नावावर पडतो. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला ‘थांबा, गरम आणतो’ म्हणता येतं. ऑनलाइन गिऱ्हाइकाचा चेहराही कळत नाही.

खाणावळीतही भाकरी फुकट मिळत नाही, हे खरं. दोन तव्यांवर एक मावशी तासाला पस्तीस-चाळीस करते. चोवीस माणसं एकदम बसली तर पहिल्याच फेरीला अठ्ठेचाळीस लागतात. दुपारी साडेबारा ते अडीच भाकरीवर दोन मावशी नसतील तर टेबलं वाढवू नका. आमटी कितीही चांगली असो, माणसं भाकरीची वाट बघत उठून जातात. पदार्थही मोजके ठेवावेत: एक रस्सा, एक सुकी भाजी, येसर आमटी, भात, ठेचा. पॅरिसमधली बुइयाँ नावाची स्वस्त भोजनालयं याच गणितावर चालतात: ठरलेले साधे पदार्थ, कमी दर, भराभर रिकामी होणारी टेबलं. त्यांतलं शार्तिए १८९६ पासून आहे, वेटर बिल अजून टेबलावरच्या कागदावरच लिहितो. ती पद्धत जुनाट ठरायला हवी होती, तर २०१७ साली पॅरिसच्याच पिगाल भागात नवं बुइयाँ उघडलं. उलट अमेरिकेत वेंडीज या बर्गरवाल्या साखळीने २०२१ मध्ये सातशे डिलिव्हरी किचनांची घोषणा केली आणि पुढे हात आखडता घेतला. त्यांचे प्रश्न वेगळे असतील, पण बिनटेबलाचं किचन म्हणजे हमखास फायदा, असं तरी दिसत नाही.

किचन कुणी घ्यावं? ज्याचा पदार्थ झाकणाखाली सुधारतो त्याने. बिर्याणी दम धरते. नान खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, यातला नानही भाकरीसारखा दगा देत नाही, रस्सा वेगळा बांधला की झालं. लातूरच्या ट्यूशनच्या भागात रात्री उशिरा जेवण मागवणारी पोरं आहेत, तिथेही किचन बरं चालेल. तालुक्याच्या गावी मात्र निव्वळ अ‍ॅपवरच्या ऑर्डरींनी रोजचा खर्च निघेल का, याची मला शंका आहे.

आणि खाणावळ टाकूनही अ‍ॅपवर यायचंच असेल तर थाळी जशीच्या तशी चढवू नका. भाकरीच्या जागी धपाटे ठेवा. तेल आणि गव्हाचं पीठ असल्याने ते गारही मऊ लागतात, प्रवासाला आपल्याकडे तेच तर बांधून देतात. सोबत दही घट्ट, वेगळ्या डबीत. मसालेभात, शेंगदाण्याची चटणी चालते. येसर आमटी डब्यात काठापासून बोटभर खालीच भरा आणि झाकण लावण्याआधी मिनिटभर वाफ जाऊ द्या, नाहीतर पिशवीत पहिली तीच सांडते.