कोकम टिकलं, पान उतरलं: वेगळ्या चवींच्या क्राफ्ट बिअरचे दहा महिने

गेल्या ऑगस्टपासून या मेअखेरपर्यंत आम्ही चौघांनी मिळून सव्वीस प्रकारच्या क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या उत्पादकांनी थोड्या थोड्या बनवलेल्या बिअर, चाखल्या. सगळ्यांच्या नावातच काहीतरी खायचं होतं: कोकम, पेरू-मिरची, शेंगदाणा, कॉफी, डाळिंब, पान, आलं-गूळ, हापूस, एक तर चक्क गुलाबजाम. प्रत्येकीची नोंद वहीत आहे. त्यातल्या सहा मी पुन्हा पैसे देऊन घेतल्या. उरलेल्या वीस परत का घेतल्या नाहीत, तेच मला जास्त सांगायचंय.

सोलापुरात मी जातो त्या दुकानात नेहमीची स्ट्राँग, माइल्ड आणि फार तर एखादी गव्हाची बिअर मिळते. त्यामुळे सगळी मदार पुण्यावर. 2009 साली तिथे दूलाली नावाची बिअर बनवून विकणारी जागा सुरू झाली आणि मग एकेक करत जागेवरच बिअर बनवून विकणारे वाढत गेले. माझा टॉवेलचा धंदा आहे, महिन्यातून एकदा माल घेऊन गाडी पुण्याला जाते. येताना थर्माकोलच्या डब्यात बर्फ आणि त्यात कॅन, बाटल्या. दारूचा परवाना चौघांचाही आहे. वर्षाचा 100 रुपयांत मिळतो, कायमचा 1000 रुपयांत. आम्ही कायमचा काढला.

ब्रँडची नावं मी लिहीत नाहीये. या बिअर थोड्या थोड्या बनतात आणि एकाच नावाची बिअर दिवाळीत वेगळी, होळीला वेगळी लागते. चवीबद्दल लिहिलेलं जास्त दिवस कामाला येईल.

आमची पद्धत साधी. रविवारी संध्याकाळी गच्चीवर बसायचं, 330 मिलीची एक बाटली चौघांत, म्हणजे माणशी ऐंशी मिली. बर्फासारखी गार प्यायची नाही. जीभ बधिर झाली की सगळ्याच बिअर सारख्या लागतात. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवली की वास उघडतो. शिवाय प्रत्येकाने दोन घोट ग्लासात तसेच सोडायचे आणि वीस मिनिटांनी पुन्हा प्यायचे. या कोमट घोटाने आमचे निम्मे निकाल फिरवले. ज्यात नुसता इसेन्स टाकलाय, त्याला कोमट झाल्यावर खोकल्याच्या औषधाचा वास येतो. पान त्यातच गेलं. पहिला घोट घेताना चौघेही खूश होतो, थंडगार मघई तोंडात टाकल्यासारखं वाटलं. वीस मिनिटांनी ग्लासात गुलकंदाचा वास एकीकडे, बिअर एकीकडे. गुलाबजामचं तेच झालं. वर त्यात लॅक्टोज घातलेलं, म्हणजे दुधातली साखर. बिअरचं यीस्ट ती खाऊ शकत नाही, त्यामुळे गोडी शेवटपर्यंत तशीच राहते आणि दुसऱ्या घोटाला तोंडाला मिठी बसते.

कोकमाची मात्र पाच वेळा आणली. कोकम आणि मीठ घातलेली आंबट बिअर. माझा पद्मशाली मित्र, ज्याला आम्ही अण्णा म्हणतो, पहिल्या घोटालाच म्हणाला, “काय बे, ही तर उन्हाळ्यासाठीच केलीय.” तेव्हा मला वाटलं होतं की बिअरमध्ये मीठ ही कुणाची तरी आजची टूम असणार. वाचत गेलो तेव्हा कळलं, जर्मनीत गोझं नावाचा जुना प्रकार आहे, गोस्लार गावचा, पुढे लाइपझिगमध्ये रुजलेला. त्यात मीठ आणि धने पडतात आणि आंबटपणा येतो लॅक्टोबॅसिलसमुळे, त्याच कुळातले जिवाणू आपलं दही लावतात. म्हणजे बिअर मुळातच आंबट-खारट, कोकम तिला जाऊन मिळालं इतकंच. 1516 साली जर्मनीतल्याच बव्हेरियाने कायदा केला होता की बिअरमध्ये सातू, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी याशिवाय काही घालायचं नाही. त्याच जर्मनीत ही धने-मिठाची बिअर टिकून राहिली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

धन्यांचं आणखी एक. बेल्जियमची विटबिअर ही गव्हाची बिअर, तिच्यात धने आणि संत्र्याची वाळलेली साल घालतात. होगार्डन गावात हा प्रकार बंद पडला होता, तो पिएर सेलिस नावाच्या गृहस्थाने 1960 च्या दशकात पुन्हा सुरू केला. आपल्याकडच्या गव्हाच्या बिअरच्या डब्यावर धने आणि संत्र्याची साल लिहिलेली दिसली तर ती याच घराण्यातली. आपल्या जिभेला धने इतके ओळखीचे आहेत की ही बिअर मी कुठल्याही नवख्या माणसाला बिनधास्त देतो.

आता शेंगदाण्याकडे येतो, कारण तिथे सोलापूरचा माणूस गप्प बसूच शकत नाही. शेंगदाण्याची स्टाउट म्हणजे काळी, भाजक्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या सातूची) बिअर. माझी अपेक्षा फार मोठी होती. आमची आई चटणीसाठी शेंगदाणे मंद आचेवर भाजते. घाई केली की बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात, हे तिचं ठरलेलं वाक्य. मग लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून उखळात कुटायचं. तेल सुटलं पाहिजे, चटणीचा गोळा वळला पाहिजे. बिअरवाल्यांची गोष्ट बरोब्बर उलटी. तेल हा फेसाचा वैरी. म्हणून नीट काम करणारे लोक तेल काढलेली शेंगदाण्याची पूड वापरतात. आम्ही तीन वेगवेगळ्या शेंगदाणा स्टाउट प्यायलो. दोन सरळसरळ पीनट बटरच्या वासाच्या, गोड, बिस्किटासारख्या. तिसरी खरी होती. भाजलेल्या सातूची कडवट चव आणि भाजलेल्या शेंगेची चव एकाच तव्यावरची वाटावी इतकी जुळली होती.

मग आम्ही तिच्याबरोबर कडक भाकरी आणि चटणी घेतली आणि फेस बघता बघता बसला. बाटलीच खराब निघाली असं आधी वाटलं. दुसरी उघडली, तेच. शेवटी कळलं की चटणीचं तेल ओठांवरून ग्लासात जातंय. तेव्हापासून भाकरी हातात, ओठ पुसायला रुमाल शेजारी. एवढं सांभाळलं तर ही जोडी मी आजवर खाल्ल्या-प्यायलेल्यात पहिल्या तिनात बसवेन. चटणीच्या तिखटाला स्टाउटचा हलका गोडवा आणि भाजका कडूपणा असा धरतो, की पाण्याची आठवण होत नाही.

डाळिंबाने माझी सगळ्यात मोठी निराशा केली. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, सांगोल्याकडचे नातेवाईक घरी पेटी पाठवतात, त्यामुळे खरं डाळिंब कसं लागतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको. गोड, मागून आंबट आणि शेवटी जिभेला किंचित ओढ लावणारा तुरटपणा. बिअरमध्ये आलं ते लाल सरबत. तुरटपणा टॅनिनचा असतो आणि तो सालीत भरपूर असतो. थोड्याशा सालीनेही चव जाग्यावर आली असती. हे कुणीतरी नीट करावं, मी पहिला गिऱ्हाईक असेन.

पेरू-मिरचीची बरी, पण एकच ग्लास. मिरचीतला तिखटपणा पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त विरघळतो, त्यात बुडबुड्यांचा स्वतःचा चटका, त्यामुळे घसा पेटतो आणि पेरू मागे पडतो. कॉफी स्टाउट छान, दोनदा आणली. आलं-गूळ हिवाळ्यात ठीक.

एक गंमत लक्षात राहिली. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा इतका स्पष्ट वास होता की अण्णा डब्यावर केळं शोधत बसला. त्यात ना केळं ना लवंग. ते यीस्टच आंबवताना हे वास तयार करतं. काहीही वरून न घालता इतकी चव येऊ शकते, हे त्या दिवशी समजलं आणि त्यानंतर इसेन्सवाल्या डब्यांवर पैसे घालवताना हात आखडायला लागला.

आता आपल्या उन्हाचं. एप्रिलमध्ये आणलेल्या हापूसच्या चार कॅनपैकी एक स्वयंपाकघराच्या ओट्यावर फुगला आणि फुटला. आईने केलेल्या पोळ्यांवर सगळा शिडकावा. तो एकच कॅन बाहेर राहिला होता, एक रात्र आणि एक दुपार. फळाच्या गरातली साखर पूर्ण आंबायच्या आत भरली आणि बिअर पाश्चराइज केलेली नसली, की गरमीत यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि वायू साठतो. ज्या दुकानातून घेतले तिथे ते उघड्या मांडणीवर होते आणि ‘थंड ठेवा’ ही सूचना भिंग घेऊन वाचावी अशी छापलेली. मला याचा खरंच राग आला. बेचाळीस अंशांच्या गावात राहणाऱ्याला ही ओळ मोठ्या अक्षरात हवी. न फुटलेल्या बिअरचंही नुकसान होतंच: उष्णतेने वास मरतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. मार्च ते जून फळांची बिअर आणूच नका. स्टाउट, कोकम चालेल, तेही बर्फात. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली उन्हात एक मिनिटही ठेवू नका, प्रकाशाने हॉप्स बिघडून घाण वास येतो.

या सगळ्यात माझ्या मनात बसलेली गोष्ट वेगळीच आहे. एवढ्या चवी बघितल्या, पण आपल्या ज्वारीची बिअर एकही सापडली नाही. आफ्रिकेत ज्वारीची बिअर परंपरेने होते. नायजेरियाने 1988 मध्ये सातूच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनीही ज्वारी वापरली. आणि आपल्याकडे मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आहे, मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेली एम 35-1 ही तिची जात आहे. वरून काही मिसळायची गरजच नाही, धान्यच आपलं.

जानेवारीत, सोलापूरची गड्ड्याची यात्रा संपल्यावर, मी पाच किलो मालदांडी घेऊन पुण्यातल्या एका बिअर बनवणाऱ्याकडे गेलो. तरुण माणूस, हातात घेऊन दाणे बघत राहिला. ज्वारीत पिष्ट मोडणारी विकरं सातूपेक्षा कमी, म्हणून सातूचं माल्ट थोडं मिसळावं लागेल, म्हणाला. आणि मोड आल्यावर कोंब-मुळ्या काढून टाकाव्या लागतील, त्यात विष असतं. मी म्हटलं, “ते आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे, कोवळ्या ज्वारीत जनावर सोडत नाहीत.” त्याने पोतं ठेवून घेतलं. मार्चमध्ये पहिला घाणा पातळ झाला, म्हणून टाकून दिला. दुसऱ्यासाठी परवा त्याने आणखी दहा किलो मागितली आहे. गाडी येत्या मंगळवारी जाते.