आर्सेनिकच्या पाण्यासाठी लोखंड: खिळे, दाणे, वीज की चुंबक?

आधी एक गोष्ट पक्की करू. पाण्यातलं आर्सेनिक धरतो तो लोखंडाचा गंज, चुंबक नव्हे. आर्सेनिक धरून बसलेले बारीक लोहकण पाण्यातून बाजूला ओढणं, एवढंच चुंबकाचं काम. त्यामुळे पाइपवर बाहेरून बसवायचं चुंबक कुणी ‘आर्सेनिक जातं, फ्लोराइड जातं’ म्हणून विकत असेल, तर घेऊ नका. विरघळलेला कोणताही पदार्थ त्याने निघत नाही.

खरी निवड चार पद्धतींमध्ये आहे. पश्चिम बंगालमधलं नदिया-मुर्शिदाबाद, बिहारमधलं भोजपूर, उत्तर प्रदेशातलं बलिया, नेपाळची तराई किंवा गडचिरोलीला लागून असलेला छत्तीसगडचा अंबागड चौकी भाग, अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना ती करावी लागते. निवडीआधी पाण्याची तपासणी करून घ्या: आर्सेनिक, लोह, फॉस्फेट, सिलिका आणि पीएच. आर्सेनिक पाण्यात त्रिसंयुजी आणि पंचसंयुजी अशा दोन रूपांत असतं. त्यातलं त्रिसंयुजी किती, तेही विचारा. नेहमीच्या पीएचला त्रिसंयुजीवर विद्युतभार नसतो, म्हणून ते गंजाला नीट चिकटत नाही. आधी त्याचं पंचसंयुजी व्हावं लागतं. फॉस्फेट आणि सिलिका गंजावरच्या त्याच जागा अडवतात. पीएच ८ च्या वर गेला की पकड आणखी ढिली होते.

सगळ्यात स्वस्त पद्धत खिळ्यांची. नेपाळमधल्या कांचन फिल्टरमध्ये वरच्या भोकं असलेल्या टोपलीत सुमारे ५ किलो बारीक लोखंडी खिळे असतात, त्यांवर विटांचे तुकडे आणि खाली वाळू. खिळ्यांना जस्ताचा मुलामा नको, कारण मग गंजच चढत नाही. पाणी बाहेर काढणारी नळी अशी वळवतात की वाळूवर कायम ५ सेंटिमीटर पाणी उभं राहतं. वाळूतला जिवाणूंचा थर त्यावर जगतो. ताशी १५ ते २० लिटर पाणी मिळतं. अडचण अशी, की पाणी खिळ्यांवरून फार झपाट्याने निघून जातं. मुळात लोह कमी आणि फॉस्फेट जास्त असेल, तर आर्सेनिक पुरेसं उतरत नाही. नेपाळचं मानक लिटरला ५० मायक्रोग्रॅम, भारताची स्वीकार्य मर्यादा १०. तिकडे उत्तीर्ण ठरलेला फिल्टर इकडे नापास होऊ शकतो, आणि हे फार कमी जण विचारात घेतात. बांगलादेशातल्या तीन घागरींच्या जुन्या फिल्टरमध्ये लोखंडाचा कीस गंजून दगडासारखा जमायचा आणि पाणी तुंबायचं. अबुल हुसाम यांच्या सोनो फिल्टरमध्ये त्याऐवजी तयार लोहमिश्रण आलं. २००७ साली त्याला ग्रेंजर पुरस्कार मिळाला.

हापशाला किंवा टाकीला जोडायचं असेल, तर फेरिक हायड्रॉक्साइडचे, म्हणजे लोहाच्या गंजासारख्या संयुगाचे, दाणे भरलेला सिलिंडर सोपा पडतो. पाण्याचा दाण्यांशी ३ ते ५ मिनिटं संपर्क धरून हिशेब करा. ताशी ६०० लिटर म्हणजे मिनिटाला १० लिटर. ५ मिनिटांसाठी ५० लिटर दाणे लागतील. पाण्यात मूळचं लोह असेल तर त्याआधी हवा देऊन वाळूतून गाळा, नाहीतर थर चिकट होऊन बंद पडतो. सर्वांत मोठा धोका दिसत नाही. दाणे संपले तरी पाण्याची चव, रंग, वास काहीच बदलत नाही. दर महिन्याला नमुना तपासायची सोय नसेल, तर या सिलिंडरच्या वाटेला जाऊ नका.

विजेची पद्धत थोडी कटकटीची आहे, पण तिची मात्रा मोजून देता येते. पाण्यात लोखंडी पत्रे सोडून एकदिश वीज दिली, की १ अँपिअरने तासाला सुमारे १.०४ ग्रॅम लोखंड विरघळतं. १००० लिटरला लिटरमागे ३० मिलिग्रॅम लोह हवं असेल, तर ३० अँपिअर जवळपास तासभर द्यावे लागतात. लोह गंजताना त्रिसंयुजी आर्सेनिकचंही रूपांतर होतं, त्यामुळे त्या रूपांतरासाठी वेगळी ब्लीचिंग पावडर सहसा लागत नाही. नंतर थोडी तुरटी घालून गाळ खाली बसू द्यायचा. पत्र्यांवर थर चढला की मात्रा घटते, म्हणून अधूनमधून विजेची दिशा उलटवा आणि पत्रे खरवडा. अमेरिकेतल्या बर्कली आणि कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी उभारलेला, दिवसाला १०,००० लिटर क्षमतेचा असा प्रकल्प दक्षिण २४ परगण्यातल्या धापधापीच्या शाळेत २०१६ मध्ये सुरू झाला. पगारी चालक ठेवता येत असेल, तर आमची पसंती यालाच.

आणि चुंबक? २००६ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटाने मॅग्नेटाइटच्या (चुंबकाला लागणाऱ्या लोह ऑक्साइडच्या) १२ नॅनोमीटरच्या कणांनी त्रिसंयुजी आर्सेनिक जवळजवळ पूर्ण काढून दाखवलं. ३०० नॅनोमीटरच्या कणांनी जेमतेम चौथा हिस्सा काढला. कण लहान तितका पृष्ठभाग जास्त, पण तितकीच त्यावरची चुंबकाची ओढ कमी. पिंपाला बाहेरून लावलेल्या चुंबकाचा जोर काही सेंटिमीटरवरच संपतो. म्हणून चुंबकीय क्षेत्रात चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलच्या बारीक तारांचा गुंता ठेवून त्यातून पाणी सोडावं लागतं. ३०४ दर्जाचं स्टील इथे कामाचं नाही, ४३० चालतं. खिळ्यांच्या किंवा विजेच्या पद्धतीतला लालसर गाळ साध्या चुंबकाला नीट लागत नाही, त्यामुळे आधीच्या तीन पद्धतींना चुंबक जोडून फायदा होईल असं समजू नका. प्रयोगशाळा किंवा कारखान्यासाठी हा मार्ग ठीक. गावाच्या नळासाठी आज नाही. निसटलेले कण स्वतःसोबत आर्सेनिक घेऊन थेट पेल्यात येतील.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडचा फ्लोराइडचा प्रश्न मात्र यांपैकी कशानेही सुटत नाही. तिथे ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना किंवा तुरटी-चुन्याची पद्धत पाहा.

खरेदीच्या आधी गाळ कुठे जाणार ते लिहून ठेवा. तळ्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात तो कधीच टाकू नका. हवा नसलेल्या जागी गंज पुन्हा विरघळतो आणि धरलेलं आर्सेनिक सोडून देतो. गाळ वाळवून, झाकून साठवा आणि काँक्रीटमध्ये बांधून टाका.